प्रमाण की प्रचलित?
संशोधनाच्या नीतिशास्त्रातील एक थकलेले देणे

वैद्यकीय संशोधनाच्या इंग्रजी वाङ्मयात ‘स्टँडर्ड ऑफ केअर’ असा एक शब्दप्रयोग वारंवार आढळतो. तो मराठीत आणावयाचा झाल्यास भाषांतरकारापुढे पहिल्याच पावलाला अडचण उभी राहते. ‘स्टँडर्ड’ म्हणजे प्रमाण, आदर्श म्हणून मान्य झालेले; आणि ‘स्टँडर्ड’ म्हणजेच नेहमीचे, चालत आलेले. इंग्रजीत हे दोन्ही अर्थ एकाच शब्दाच्या पोटात सुखाने नांदतात. मराठीत मात्र ‘प्रमाण उपचार’ लिहावे की ‘प्रचलित उपचार’, याचा निर्णय घ्यावाच लागतो. जेथे प्रमाण मानलेले उपचार बहुतेकांना मिळतात, तेथे या निर्णयाने फारसे बिघडत नाही. परंतु ज्या गावात उपकेंद्राला टाळे आहे आणि तालुक्याच्या रुग्णालयात स्त्रीरोगतज्ज्ञाची जागा रिकामी आहे, तेथे प्रमाण उपचार एक असतो आणि प्रचलित उपचार म्हणजे काहीच नाही. ‘काहीच नाही’ याला शास्त्रीय प्रतिष्ठा देणारा शब्द म्हणून ‘प्रचलित उपचार’ वापरला गेला की काय होते, याचे उदाहरण शोधण्यासाठी परदेशी जाण्याचे कारण नाही. ते महाराष्ट्रातच घडले आहे, आणि त्याचा हिशेब अद्याप पुरा झालेला नाही.

गर्भाशयमुखाचा कर्करोग हा प्रामुख्याने गरीब स्त्रियांचा कर्करोग आहे. तो हळूहळू, वर्षानुवर्षे वाढतो. त्याची पूर्वलक्षणे तपासणीत आधी सापडतात. आणि त्या अवस्थेत साध्या उपचाराने तो रोखता येतो. पॅप चाचणी या नावाने ओळखली जाणारी पेशी-तपासणी १९४० च्या दशकापासून ज्ञात आहे, आणि ज्या देशांनी ती सर्व स्त्रियांसाठी नियमितपणे राबवली तेथे या रोगाचे मृत्यू झपाट्याने घटले. भारतात अशी सार्वत्रिक योजना कधीच उभी राहिली नाही. त्यासाठी लागणाऱ्या प्रयोगशाळा आणि प्रशिक्षित तंत्रज्ञ आपल्याकडे नाहीत, असे कारण सांगितले गेले. ते कारण खोटे नव्हते. मात्र ते निसर्गनियमही नव्हते.

या पार्श्वभूमीवर १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून देशात तीन मोठे प्रयोग झाले. पहिला मुंबईच्या झोपडपट्ट्यांत १९९८ मध्ये सुरू झाला. तो टाटा स्मारक रुग्णालयाने चालवला आणि त्याला अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने पैसा पुरवला. दुसरा तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातील खेड्यांत झाला. त्याचे केंद्र बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय होते. याच बार्शीत १९८७ मध्ये देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली होती. तिसरा तामिळनाडूच्या दिंडिगल जिल्ह्यात झाला. शेवटच्या दोहोंमागे जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था आणि गेट्स प्रतिष्ठान यांचे पाठबळ होते.

प्रयोगांची रचना थोडक्यात अशी. वस्त्या किंवा गावे यांचे समूह पाडावयाचे आणि कोणत्या समूहाला काय मिळणार हे यदृच्छा निवडीने, म्हणजे जणू चिठ्ठ्या टाकून, ठरवावयाचे. एका भागातील स्त्रियांची तपासणी करावयाची. दुसऱ्या भागातील स्त्रियांना आरोग्यशिक्षण द्यावयाचे, तपासणी करावयाची नाही. आणि दोन्हीकडे या रोगाने किती जणी मरतात ते वर्षानुवर्षे मोजावयाचे. मुंबईत वापरलेली तपासणी अत्यंत साधी होती. गर्भाशयमुखावर व्हिनेगरमधील आम्लाचे पातळ द्रावण लावले की रोगट भाग पांढरा दिसतो; दहावीपर्यंत शिकलेल्या आणि चार आठवडे प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्यसेविकांनी ती तपासणी दर दोन वर्षांनी, चार फेऱ्यांत केली. ज्यांच्यात दोष आढळला त्यांना मोफत उपचार मिळाले. उस्मानाबादेत तपासणीचे तीन प्रकार एकमेकांशी आणि तपासणी न झालेल्या चौथ्या गटाशी ताडून पाहिले गेले.

तपासणी न झालेल्या गटांत मुंबईत ७६,१७८, उस्मानाबादेत ३१,४८८ आणि दिंडिगलमध्ये ३०,९५८ स्त्रिया होत्या, एकूण १,३८,६२४. त्यांपैकी ९८, ६४ आणि ९२, म्हणजे २५४ स्त्रिया प्रयोगाच्या काळात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने मरण पावल्या.

हा आकडा प्रथम एकत्र मांडला तो सॅन फ्रान्सिस्कोतील रोगनिदानतज्ज्ञ डॉ. एरिक सुबा यांनी. त्यांनी २०११ मध्ये अमेरिकेच्या शासकीय संशोधन-संरक्षण कार्यालयाकडे तक्रार केली. मुंबईच्या प्रयोगातील स्त्रियांना संमती देण्यासाठी पुरेशी माहिती दिली गेली नव्हती, असा निष्कर्ष त्या कार्यालयाने काढला. तपासणीचा एक मार्ग अस्तित्वात आहे, तो दुसरीकडे मिळू शकतो आणि या प्रयोगात तो तुम्हाला मिळणार नाही, हे त्या स्त्रियांपर्यंत नीट पोहोचले होते का, हा मुद्दा होता. २०१४ मध्ये मुंबईहून प्रसिद्ध होणाऱ्या ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स’ या नियतकालिकात सुबा यांची टीका छापली गेली आणि तिच्यावर वाद झाला.

हा वाद एकांगी नाही, हे आधीच मान्य केले पाहिजे. २५४ स्त्रियांना ‘प्रयोगाने मारले’ अशी आरोळी अनेक ठिकाणी ठोकली गेली. ती चूक आहे. तपासणी झालेल्या गटांतही मृत्यू झाले. मुंबईत तपासणी-गटात ६७ स्त्रिया मेल्या, दिंडिगलमध्ये ८३. म्हणजे सर्वांची तपासणी झाली असती तर २५४ पैकी काही जणी वाचल्या असत्या, सगळ्या नव्हेत. संशोधकांचा युक्तिवादही उडवून लावण्याजोगा नाही. ते म्हणतात: श्रीमंत देशातील पद्धत येथे चालेल असे गृहीत धरता येत नव्हते, व्हिनेगरच्या तपासणीने खरोखर मृत्यू टळतात की नाही हे कोणालाच माहीत नव्हते, आणि सरकारला कोट्यवधी स्त्रियांसाठी योजना आखावयाची तर तुलनेवर उभा असलेला भक्कम पुरावा हवा होता. उस्मानाबादचे निष्कर्ष त्यांच्या बाजूने बोलतात. तेथे पॅप चाचणीच्या किंवा व्हिनेगर-तपासणीच्या एकाच फेरीने मृत्यूंत लक्षणीय घट झाली नाही. विषाणू-चाचणीच्या एका फेरीने मात्र झाली. त्या गटातील ३४,१२६ स्त्रियांत ३४ मृत्यू झाले, तर तुलनेच्या त्याहून लहान गटात ६४. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षाची दखल जगभर घेतली गेली, आणि आज जागतिक आरोग्य संघटना प्राथमिक तपासणी म्हणून विषाणू-चाचणीचीच शिफारस करते. जगातील असंख्य स्त्रियांच्या उपयोगी पडणारे हे ज्ञान उस्मानाबादच्या खेडुत स्त्रियांनी दिलेले आहे.

मग आक्षेप कशाला? आक्षेप संशोधकांच्या हेतूला नाही. आक्षेप आहे तो ‘त्यांना तसेही काही मिळत नव्हतेच’ या एका वाक्याला, कारण तुलना-गटाच्या नैतिक समर्थनाचा सारा भार शेवटी या वाक्यावर येऊन पडतो.

हे वाक्य नवे नाही. अमेरिकेतील अलाबामा राज्यात टस्कीगी येथे १९३२ पासून १९७२ पर्यंत, तब्बल चाळीस वर्षे, उपदंश झालेल्या ३९९ कृष्णवर्णीय पुरुषांना उपचाराविना ठेवून रोग कसा वाढतो याचे निरीक्षण तेथील सरकारी आरोग्यसेवेने केले. १९४० च्या दशकात पेनिसिलिन आले, तेही त्यांना मिळू दिले नाही. आज त्या प्रकरणाचे नाव काढताच सर्वजण कानांवर हात ठेवतात. परंतु तो प्रयोग सुरू झाला तेव्हा त्याच्या कर्त्यांची भूमिका काय होती? या गरीब कूळ-शेतकऱ्यांना उपचार मिळतच नाहीत. तेव्हा निसर्गतः जे घडते आहे त्याचा आपण केवळ अभ्यास करतो. वंशद्वेषाने निर्माण केलेले दारिद्र्य ‘निसर्ग’ ठरले आणि त्याकडे पाहणारा वैज्ञानिक निर्दोष ठरला. भारतातील प्रयोग आणि टस्कीगी यांना एका तागडीत घालणे अन्यायाचे होईल. येथे कोणाला फसवून उपचार नाकारले गेले नाहीत, उस्मानाबादेत तुलना-गटातील स्त्रियांना तपासणी कोठे मिळू शकेल हेही सांगितले गेले होते. पण युक्तिवादाचा सांगाडा पाहिला तर साम्य नजरेआड करता येत नाही.

१९९७ मध्ये हाच प्रश्न जगाच्या चव्हाट्यावर आला होता. गर्भवती मातेकडून बाळाला होणारी एड्सच्या विषाणूची लागण एका औषधाने सुमारे दोन तृतीयांशाने कमी होते, हे १९९४ मध्ये सिद्ध झाले होते. तरीही आफ्रिकेत आणि थायलंडमध्ये झालेल्या प्रयोगांत अनेक मातांना निष्प्रभ गोळ्या दिल्या गेल्या. समर्थन तेच होते: त्या देशांत हे महाग औषध ‘प्रचलित’ नाही. औषध महाग का, त्याची किंमत कोणी ठरवली, त्यावर पेटंट कोणाचे, हे प्रश्न नीतिसमितीच्या कार्यक्रमपत्रिकेवर नव्हते.

विद्याशाखांच्या कुंपणांमधला प्रश्न

येथे उपयोजित नीतिशास्त्र या ज्ञानशाखेकडे वळणे भाग आहे. सामान्य वाचकाला हे नाव परके वाटेल, पण गेल्या अर्धशतकात त्याचा विस्तार प्रचंड झाला आहे. १९६९ मध्ये अमेरिकेत हेस्टिंग्ज केंद्र स्थापन झाले, १९७१ मध्ये जॉर्जटाउन विद्यापीठात केनेडी संस्था निघाली. टस्कीगी उघडकीस आल्यावर १९७४ मध्ये तेथे कायदा झाला आणि १९७९ मध्ये बेल्माँट अहवाल प्रसिद्ध झाला. व्यक्तीचा आदर, हित आणि न्याय ही त्याची तीन तत्त्वे. तत्त्वज्ञ, वैद्य, कायदेपंडित, समाजशास्त्रज्ञ, अर्थशास्त्रज्ञ आणि अलीकडे संगणकशास्त्रज्ञ असे सारे या मांडवाखाली जमले. विद्यापीठांत अध्यासने निघाली, परिसंवाद झाले, नियतकालिकांची रांग लागली.

यातले काहीच निरुपयोगी नाही. १९४७ ची न्यूरेंबर्ग संहिता नाझी डॉक्टरांच्या खटल्यातून आली. तिच्या पहिल्याच कलमात माणसाची स्वेच्छेची संमती अनिवार्य मानली गेली. तिच्यामागे छळछावण्यांतील प्रेते होती. आपल्याकडेही वैद्यकीय संशोधन परिषदेने १९८० मध्ये पहिले धोरण-निवेदन काढले, २००० मध्ये मार्गदर्शक तत्त्वे आली, ती २००६ आणि २०१७ मध्ये सुधारली गेली. १९९३ पासून मुंबईतील डॉक्टर आणि कार्यकर्त्यांच्या एका गटाने वैद्यकीय नीतीचे नियतकालिक नेटाने चालवले आहे. आरोग्यविषयक सामाजिक संशोधनासाठीची मार्गदर्शक तत्त्वे २००० मध्ये प्रसिद्ध झाली, तीही मुंबईतील ‘सेहत’ या संस्थेच्या पुढाकाराने. ही कामे थोड्या लोकांनी, तुटपुंज्या साधनांनी केली आहेत.

तथापि या ज्ञानशाखेच्या जन्मापासून तिच्यात एक वाक आहे. १९७१ मध्ये पूर्व बंगालमधून लक्षावधी निर्वासित भारतात आले, छावण्यांत पटकी पसरली, माणसे मेली. या घटनेवरून पीटर सिंगर या तरुण तत्त्वज्ञाने लिहिलेला निबंध १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला आणि तो या विषयाच्या पाठ्यपुस्तकांचा आधारस्तंभ बनला. निबंध प्रामाणिक आहे, वाचकाला अस्वस्थ करतो. पण त्याचा मुख्य रोख एका प्रश्नावर आहे: सुखवस्तू माणसाने किती दान द्यावे? ते निर्वासित कोणाच्या तोफांपुढून पळाले, त्या तोफांना दारूगोळा कोठून आला, हा प्रश्न त्या चौकटीत दुय्यम ठरतो. बंगालच्या सीमेवरील चिखलात पडलेली माणसे परदेशी वर्गात उदाहरण म्हणून जातात, आणि चर्चा देणाऱ्याच्या सदसद्विवेकबुद्धीविषयी होते.

संशोधनाच्या नीतीतही असेच घडले. नीतिसमितीपुढे कागद येतो तो एका प्रयोगाचा. संमतिपत्र आहे का, ते सहभागी व्यक्तीच्या भाषेत आहे का, सही किंवा अंगठा आहे का, नुकसानभरपाईची तरतूद आहे का, हे ती पाहते, पाहिलेच पाहिजे. पण त्या वस्तीत तपासणीची सोय मुळात का नाही, हे विचारण्याचा तिला अधिकार नाही. ते आरोग्य-अर्थशास्त्राचे काम. अर्थशास्त्रज्ञ अंदाजपत्रक पाहतो. त्यात कोण कोणत्या गटात गेले हे त्याला दिसत नाही. तत्त्वज्ञ न्यायाच्या तत्त्वाची चिकित्सा करतो आणि उदाहरणे परक्यांची वापरतो. समाजशास्त्रज्ञ ‘असुरक्षित समाजगट’ अशी संज्ञा घडवतो. प्रत्येकजण आपल्या कुंपणात बिनचूक असतो. प्रश्न मात्र कुंपणांच्या मधल्या पायवाटेवर बेवारस पडून राहतो.

वैद्यकाच्या बाहेर पाहिले तर हे अधिक स्पष्ट होते. दारिद्र्यावरील उपायांची यदृच्छा-प्रयोगांनी परीक्षा करणाऱ्या अर्थशास्त्रज्ञांना २०१९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या गाजलेल्या प्रयोगांपैकी एक राजस्थानातील उदयपूर जिल्ह्यातला आहे. १३४ गावे घेतली. तीस गावांत नियमित लसीकरण शिबिरे भरवली. आणखी तीस गावांत शिबिरासोबत प्रत्येक लशीला एक किलो डाळ आणि लसीकरण पूर्ण झाल्यावर ताटांचा संच दिला. उरलेल्या ७४ गावांत काही केले नाही. पूर्ण लसीकरणाचे प्रमाण डाळ मिळालेल्या गावांत ३९ टक्के, नुसत्या शिबिरांच्या गावांत १८ टक्के, आणि उरलेल्या गावांत ६ टक्के आढळले. डाळीने लसीकरण वाढते, हा निष्कर्ष जगभर नावाजला गेला. पण या आकड्यांतील सर्वात भयंकर आकडा शेवटचा आहे, आणि तो निष्कर्ष नव्हे, पार्श्वभूमी म्हणून छापला जातो. शंभरातील चौऱ्याण्णव मुले पूर्ण लसीकरणाविना आहेत, ही वस्तुस्थिती ज्या सरकारी यंत्रणेची जबाबदारी आहे, तिला या प्रयोगात कोणत्याच गटात स्थान नाही. संशोधकांनी ही परिस्थिती निर्माण केलेली नव्हती. उलट काही हजार मुलांना त्यांच्यामुळे लस मिळाली असेल. तरीही वंचना ही एकदा ‘तुलनेची रेषा’ झाली की तिच्याविषयीचा संताप शास्त्राच्या भाषेत अप्रस्तुत ठरतो, हे नाकारता येत नाही.

संमतीचा कागद

संमतीच्या अंगाने आपल्याकडे जो संघर्ष झाला तोही येथे आठवला पाहिजे, कारण त्यातून काही पदरात पडले. २००९ मध्ये आंध्रातील खम्मम आणि गुजरातमधील बडोदे जिल्ह्यांत दहा ते चौदा वर्षांच्या सुमारे चोवीस हजार मुलींना याच कर्करोगाविरुद्धची लस ‘प्रात्यक्षिक प्रकल्प’ या नावाने टोचली गेली. खम्ममच्या अनेक मुली आदिवासी होत्या आणि वसतिगृहांत राहत होत्या. त्यांच्या आईबापांच्या जागी वसतिगृहाच्या अधीक्षकांनी आणि मुख्याध्यापकांनी सह्या केल्या. महिला संघटना आणि आरोग्य चळवळीतील कार्यकर्त्यांनी आवाज उठवल्यावर एप्रिल २०१० मध्ये प्रकल्प थांबला. सात मुलींचे मृत्यू झाले होते. लशीशी त्यांचा संबंध नसल्याचे सरकारी चौकशीत सांगितले गेले. लस स्वतः उपयुक्त आहे, हे आज अनेक देशांच्या अनुभवाने सिद्ध आहे, आणि तिच्याविरुद्ध भीती पसरवणे हे गरीब मुलींच्याच मुळावर येईल. परंतु ऑगस्ट २०१३ मध्ये संसदेच्या स्थायी समितीने आपल्या बहात्तराव्या अहवालात जे कडक ताशेरे ओढले ते संमतीच्या आणि देखरेखीच्या थट्टेवर, आणि ते रास्त होते. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयात इंदूरच्या कार्यकर्त्यांनी चालवलेल्या याचिकेमुळे औषध-चाचण्यांवर निर्बंध आले, संमती घेतानाचे ध्वनिचित्रमुद्रण सुरू झाले. २०१९ मध्ये नवे नियम आले.

लढून मिळवलेले हे संरक्षण गमावता कामा नये. पण ध्वनिचित्रमुद्रणाने ‘प्रचलित उपचार’ या शब्दातली फट बुजत नाही. मुंबईच्या झोपडपट्टीतील स्त्रीला सर्व माहिती स्वच्छ मराठीत दिली असती, तिने समजून उमजून होकार दिला असता, तरी एक प्रश्न उरलाच असता: कशाच्या बदल्यात? जिला गमावण्यासारखे काही नाही तिची संमती मिळणे सर्वात सोपे असते. २०२४ मध्ये हेलसिंकी घोषणापत्राची नवी आवृत्ती निघाली तेव्हा तीत ‘सब्जेक्ट’ हा जुना शब्द काढून ‘सहभागी’ हा शब्द घातला गेला. चांगले झाले, ‘सब्जेक्ट’ला इंग्रजीत ‘प्रजा’ असाही अर्थ आहे. मात्र जिला प्रयोगाचा विषय ठरवण्यात सहभाग नाही, निष्कर्षाच्या वापरात सहभाग नाही, तिला सहभागी म्हणणे ही शब्दाची बढती झाली, तिची नव्हे.

उदाहरणार्थ निष्कर्षाचा वापर. जून २०१३ मध्ये शिकागो येथील जागतिक परिषदेत मुंबईच्या प्रयोगाचा निकाल जाहीर झाला: व्हिनेगरच्या तपासणीने या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटतात. ही तपासणी देशभर राबवल्यास भारतात दरवर्षी सुमारे २२,००० मृत्यू टळतील, असे संशोधकांनी स्वतःच सांगितले. टाळ्या झाल्या, वृत्तपत्रांनी मथळे दिले. तपासणीला लागते काय? आम्लाचे पातळ द्रावण, कापूस, चांगला दिवा, आणि चार आठवडे शिकलेली आरोग्यसेविका. तुलना-गटाचे सगळे नैतिक समर्थन या क्षणासाठी केले गेले होते: आज काहींना तपासणी नाकारू, म्हणजे उद्या सर्वांना देता येईल. हे एक वचन होते, आणि ते संशोधकांनी एकट्याने दिलेले नव्हते. ज्या देशाच्या नावाने पुरावा गोळा केला गेला त्या देशाने ते दिले होते.

२०१६ मध्ये केंद्र सरकारने मार्गदर्शक सूचना काढल्या: तिशीपुढील प्रत्येक स्त्रीची दर पाच वर्षांनी या पद्धतीने तपासणी व्हावी. त्यानंतर २०१९–२१ चे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण झाले. तीस ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांपैकी आयुष्यात एकदा तरी गर्भाशयमुखाची तपासणी झालेल्या किती? १.९ टक्के.

म्हणजे प्रयोगाची पंधरा वर्षे, पावणेदोन लाखांहून अधिक तपासलेल्या स्त्रिया, १,३८,६२४ न तपासलेल्या, २५४ मृत्यू, जगभर गेलेले ज्ञान आणि मायदेशी शंभरातील दोघींनाही न मिळालेली तपासणी. साथीच्या वर्षांनी ही सर्वेक्षणे अर्धवट विस्कळीत केली, असे कोणी म्हणेल; पण साथीपूर्वी हे प्रमाण मोठे होते आणि साथीने ते खाली ओढले, असे कोणी म्हणू धजणार नाही. तुलना-गट प्रयोगाबरोबर संपला नाही. तो सबंध देशभर पसरला.

यात संशोधकांवर राग काढून काय उपयोग? २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सार्वजनिक आरोग्यावरील खर्च २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट ठेवले. २०२१–२२ च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार तो १.८४ टक्के होता, आणि तोही साथीच्या काळात वाढलेला. आरोग्यावरील एकूण खर्चाचा ३९.४ टक्के भाग लोकांनी स्वतःच्या खिशातून भरला. मजुरी बुडवून, कर्ज काढून तालुक्याला जाणारी स्त्री दुखू लागल्याखेरीज तपासणीला जात नाही, आणि हा रोग दुखू लागतो तेव्हा वेळ गेलेली असते. हे आकडे अर्थखात्याचे म्हणून नीतिशास्त्राच्या परिसंवादात वाचले जात नाहीत. तेथे तेच वाचले गेले पाहिजेत. तुलना-गटाला काय दिले जाईल हे संमतिपत्र ठरवत नाही. ते आधीच अंदाजपत्रकाने ठरवलेले असते.

दुसऱ्या एका देशाने काय केले ते पाहण्यासारखे आहे. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या राष्ट्रीय स्त्री-रुग्णालयात १९६६ पासून, याच रोगाची पूर्वावस्था असलेल्या अनेक स्त्रियांना पुरेसे उपचार न देता केवळ निरीक्षणाखाली ठेवले गेले. १९८७ मध्ये दोन स्त्री-लेखिकांनी ते एका मासिकात उघडकीस आणले. न्यायाधीश सिल्व्हिया कार्टराइट यांच्या चौकशीचा अहवाल १९८८ मध्ये आला. त्यातून रुग्णांच्या हक्कांची संहिता निघाली, आणि त्यातूनच राष्ट्रव्यापी तपासणी योजनेला चालना मिळाली. म्हणजे ज्या स्त्रियांवर अन्याय झाला त्यांच्या नावे इतर स्त्रियांना काही मिळाले. आपल्याकडे १९७६ पासून दिल्लीत अकराशेहून अधिक स्त्रियांना त्याच पूर्वावस्थेत, बरीच वर्षे, केवळ निरीक्षणाखाली ठेवले गेले होते. त्यांची लेखी संमतीही घेतलेली नव्हती. १९९७ मध्ये ते बाहेर आले, काही दिवस गदारोळ झाला. त्यातून मार्गदर्शक तत्त्वांच्या कामाला वेग आला असेल. तपासणीची एकही खोली त्यातून उभी राहिली नाही. त्यानंतर दोनच वर्षांनी उस्मानाबादेत तुलना-गट पाडला जात होता.

मुंबई, उस्मानाबाद आणि दिंडिगल येथील त्या स्त्रियांची नावे, वये आणि गावे संशोधनाच्या दप्तरांत आहेत. १९९९ मध्ये तिशीच्या असलेल्या आज पन्नाशीच्या पलीकडे आहेत. काहींच्या मुली आता तिशीत आल्या आहेत, म्हणजे सरकारच्या स्वतःच्या सूचनेप्रमाणे तपासणीच्या वयात. त्या गावांतील प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन साधी चौकशी करता येण्याजोगी आहे. गेल्या वर्षी तिशीवरील किती स्त्रियांची तपासणी झाली? तपासणारी सेविका नेमलेली आहे की जागा रिकामी आहे? दोष आढळला तर उपचाराचे यंत्र किती अंतरावर आहे, आणि तेथवर जाण्याचे भाडे कोण देतो? धाराशिवच्या एखाद्या केंद्रात या प्रश्नांची उत्तरे लेखी मागितली गेली, आणि ती उत्तरे विद्यापीठातील पुढच्या नीतिशास्त्र-परिसंवादाच्या टेबलावर ठेवली गेली, तर तत्त्वज्ञाला, वैद्याला आणि अर्थशास्त्रज्ञाला एकाच कागदावर बोलावे लागेल. त्या कागदावर ‘प्रचलित उपचार’ या रकान्यापुढे काय लिहावयाचे, हेही त्यांनाच ठरवावे लागेल.